गावाकडचे शेवटचे दोन किलोमीटर आणि आमची एसयूव्ही

गाडी घ्यायच्या आधी आठ महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. आता गाडी, म्हणजे मारुती सुझुकीची पाच दरवाज्यांची जिम्नी, येऊन सव्वा वर्ष झालं, एक अख्खा पावसाळा तिने काढला, सतरा हजार किलोमीटर झाले, म्हणून म्हटलं आता लिहू. नवी गाडी दारात आल्याच्या आठवड्यात लिहिलं असतं तर सगळं गोडच लिहिलं गेलं असतं.

मी राहतो कोथरूडला, ऑफिस हिंजवडीला, आणि आई गावी. गाव वेल्ह्याच्या पुढे. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय पण तोंडात वेल्हंच येतं. कात्रजचा नवा बोगदा, नसरापूर, मार्गासनी, वेल्हे असा साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता, तो सगळा डांबरी, खड्डे असतात पण कुठलीही गाडी जाते. प्रश्न त्याच्या पुढच्या दोन किलोमीटरचा. डांबर संपतं, ओढ्यावरची फरशी म्हणजे बसका पूल लागतो, मग भाताच्या खाचरांमधून बैलगाडीची जुनी वाट, मग एक उभा चढ, आणि वर गेलं की मारुतीच्या देवळामागे रचलेल्या दगडांच्या दोन भिंतींमधला बोळ. तो संपला की आमचं अंगण.

२०२४ च्या जुलैत लावणी चालू असताना आई बांधावरून घसरली आणि मनगट मोडलं. फोन आला तसा निघालो, रात्री अकराला फरशीपाशी पोचलो. तेव्हा आमच्याकडे हॅचबॅक होती. फरशी ओलांडली, खाचरातली वाट कशीबशी काढली, आणि चढाच्या निम्म्यात गाडी थांबली. पुढची चाकं जागच्या जागी फिरतायत, गाडी सरकत सरकत कडेच्या चरात चाललीये, आणि वर घरात आई हात धरून बसलेली. शेवटी शेजारच्या आप्पांनी आणि त्यांच्या पोराने तिला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून चढ उतरवला, वर प्लास्टिकचा कागद धरून. मी पुढे बॅटरी धरून चालत होतो. पहाटे चारला पुण्यात हात प्लास्टरमध्ये गेला. हाड नीट जुळलं, आई आता पुन्हा भाकऱ्या थापते, पण ती खुर्ची काही डोळ्यासमोरून जात नाही. त्याच आठवड्यात ठरवलं की आता अशी गाडी घ्यायची जी जुलैच्या रात्री अंगणापर्यंत जाईल.

पण गंमत अशी की ती गाडी वर्षातले तीनशे दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये उभी असणार होती. आणि ती मधेच बंद पडून चालणार नव्हती. म्हणजे तिन्ही गोष्टी पाहिजेत, चढली पाहिजे, रोज वापरायला त्रास नको आणि भरवशाची पाहिजे. आता एवढ्या पैशात तिन्ही गोष्टी पूर्णच्या पूर्ण देणारी गाडी मला तरी मिळाली नाही, म्हणून कुठली गोष्ट किती लागते हे नीट शोधायला लागलं, आणि तेच शोधण्यात आठ महिने गेले.

आधी चढाचं बोलतो. आमची जुनी गाडी का चढली नाही हे मला त्या रात्री कळलं नव्हतं, नंतर कळलं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला सपाटीवर फायदा असतो, इंजिनाचं वजन चालत्या चाकांवर असतं, पण चढाला लागलात की वजन मागे सरकतं आणि नेमकी ओढणारी चाकं हलकी होतात. त्यात आमची माती तांबूस, चिकट, एकदा टायरच्या खाचांमध्ये भरली की टायर गुळगुळीत होतो, मग तो फिरतो पण पकडत नाही. आमच्याकडे दूध न्यायला पिकअप येतो, तो मागच्या चाकांवर चालणारा, भरलेला असला की हाच चढ आरामात काढतो आणि रिकामा असला की तोसुद्धा डुलायला लागतो. हे मी लहानपणापासून बघतोय पण त्याचा अर्थ आत्ता लागला. चारही चाकांना ताकद मिळाली तर यातलं कुठलं तरी एक चाक पकडतंच.

मग मार्चमध्ये, गाडी बुक करायच्या आधी, मी एक काम केलं आणि ते सगळ्यांनी करावं असं मनापासून वाटतं. मेजर टेप घेऊन गावी गेलो. पावसाळ्यातला चिखल उन्हात वाळला की चाकोरी जशीच्या तशी राहते, दगडासारखी कडक, म्हणजे जुलैत रस्ता कसा होता त्याचा साचाच तुम्हाला मार्चमध्ये मिळतो. चाकोरीच्या तळापासून मधल्या उंचवट्यापर्यंत मोजलं. बहुतेक ठिकाणी पाच-सहा इंच, देवळाच्या खालच्या वळणावर सात, आणि एका जागी, जिथे आप्पांचा ट्रॅक्टर वळतो तिथे जवळजवळ आठ. आमच्या हॅचबॅकच्या पोटाखालची जागा कागदावर साडेसहा इंच होती, चार माणसं बसल्यावर अजून कमी. म्हणजे चाकं घसरली नसती तरी ती गाडी पोटावर बसलीच असती.

इथे ग्राउंड क्लिअरन्सबद्दल एक गोष्ट सांगतो जी शोरूममध्ये कोणी सांगत नाही. ब्रोशरमधला आकडा एकच असतो पण तो कुठे मोजलाय यावर सगळं आहे. मोनोकॉक गाडीत, म्हणजे जिची बॉडी आणि सांगाडा एकच असतो तिच्यात, माणसं आणि सामान भरलं की सगळं पोट खाली येतं. डावं-उजवं चाक जोडणारा आडवा अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत सगळ्यात खालची गोष्ट म्हणजे डिफरन्शियलचा गोळा (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणारे गिअर त्यात असतात), आणि तो चाकांना धरूनच असतो, म्हणजे गाडीत तांदळाची चार पोती टाका नाहीतर रिकामी न्या, त्या गोळ्याखालची जागा तेवढीच राहते. टायरची हवा कमी केली तर तेवढीच काय ती थोडी कमी होते. शिवाय गोळा एका बाजूला असतो त्यामुळे तो कुठे आहे हे डोक्यात ठेवून उंचवटा चुकवता येतो. एकदा वाकून गाडीखाली नीट बघून घ्यायचं.

दुसरं माप बोळाचं. दोन्ही भिंती सरळ नाहीत, सगळ्यात अरुंद जागी साडेसहा फूट, म्हणजे एक मीटर अठ्ठ्याण्णव सेंटीमीटर. घरी येऊन गाड्यांच्या रुंद्या काढल्या. स्कॉर्पिओ-एन १९१७ मिलिमीटर, थार रॉक्स १८७०, जिम्नी १६४५. म्हणजे आरसे मिटून स्कॉर्पिओला दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटर, रॉक्सला साडेपाच, आणि जिम्नीला सतरा. तीन सेंटीमीटर म्हणजे दोन बोटं. ओल्या मातीत, रात्री, पावसात, मागची चाकं जरा हललेली असताना, दोन बोटांच्या अंतराने दगडाच्या भिंतीतून एकवीस-बावीस लाखांची गाडी काढायची, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. भिंत पाडायचा विषय आईपाशी काढून बघितला. ती भिंत आजोबांनी रचलेली आहे. विषय तिथेच संपला.

आता खरं सांगायचं तर मला मनातून स्कॉर्पिओ-एनच पाहिजे होती. २०२२ ला आली तेव्हापासून डोळ्यात भरलेली, चाकणला बनते, १७५ पीएसचं डिझेल इंजिन, फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या मॉडेलमध्ये, लो रेंज (ती काय ते पुढे सांगतो), मागचं डिफरन्शियल लॉक होतं म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, आणि रस्त्यावर बसल्यावर एवढी मोठी गाडी असून स्थिर वाटते. मित्राची घेऊन साताऱ्यापर्यंत गेलो होतो, खंबाटकीला तर कळलंच नाही घाट कधी संपला. पण फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये. रॉक्सचंही तेच. रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ला आली, म्हणजे आईच्या हाताचं प्लास्टर निघायच्या सुमारास, आणि तेव्हा वाटलं होतं झालं, आपली गाडी आली. मागची सीट मोठी, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, मागे चांगलं सस्पेन्शन, पुढून-मागून न घासता उतरायचे-चढायचे कोन तर जबरदस्त. ज्यांचा बोळ आमच्यापेक्षा फूटभर रुंद आहे आणि घरात पाच माणसं आहेत त्यांनी डोळे झाकून रॉक्स फोर बाय फोर बघावी असं मी आजही सांगतो. फोर्स गुरखा पाच दरवाज्यांची पण बघितली, पुढे मागे दोन्हीकडे डिफ लॉक, खरीखुरी रानातली गाडी, पण ती रोज चांदणी चौकातून नेणं माझ्या बायकोला अजिबात मान्य नव्हतं आणि चालवून बघितल्यावर मलाही पटलं.

एडब्ल्यूडीवाल्या, म्हणजे गरज पडली की आपोआप चारही चाकांना ताकद देणाऱ्या, गाड्यांचा पण विचार झाला, ग्रँड विटारा आणि हायरायडर. रोजच्या वापराला या सगळ्यात सरस. ओल्या गवतावर, निसरड्या घाटात, थोड्याफार चिखलात काम करतात. पण लो रेंज नाही. लो रेंज म्हणजे काय तर ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरांचा डबा) अजून एक गिअर असतो, तो लावला की चाकं हळू फिरतात आणि जोर वाढतो, चालायच्या वेगाने, क्लच न जाळता, इंजिन न बोंबलता गाडी वर जाते. आणि त्याहून मोठा उपयोग उतारावर. आमचा चढ हा परत येताना उतार असतो ना. ओल्या मातीवर ब्रेक दाबला की चाकं थांबतात आणि गाडी घसरत राहते, तिथे इंजिनानेच गाडी धरून ठेवायला लागते. फोर बाय फोर असलं म्हणून ब्रेक चांगले लागत नाहीत, ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, हे लोक विसरतात आणि उतारावरच फसतात. जुनी डस्टर एडब्ल्यूडी मात्र वेगळी होती, तिचा पहिला गिअरच मुद्दाम छोटा ठेवलेला, तिच्यावर मी दोन महिने घालवले, तीन गाड्या बघितल्या, पण कंपनीने डस्टर बंद केल्याला तेव्हा तीनेक वर्षं झाली होती, आणि सेकंड हँड गाडीचा मागचा शाफ्ट गेला तर तो वेल्ह्यात कुठून आणायचा याचं उत्तर मिळेना.

यावरून भरवशाचा मुद्दा येतो. भरवसा म्हणजे गाडी कधी बिघडणारच नाही असं मी धरत नाही. बिघडली तर किती जवळ, किती लवकर आणि किती कमी सामानात दुरुस्त होईल, हा माझा हिशोब. डिझेलबद्दल माझ्या मनात एक शंका होती. बीएस सहा या प्रदूषणाच्या नियमांपासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतर, डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत डीपीएफ असतो, काजळी अडवणारी जाळी. ती जाळी स्वतःला साफ करते पण त्यासाठी इंजिन बराच वेळ तापलेलं आणि पळतं लागतं. माझा रोजचा रस्ता सतरा-अठरा किलोमीटर, त्याला संध्याकाळी सव्वा तास लागतो, त्यातला निम्मा वेळ गाडी उभीच. ऑफिसमधल्या एका मित्राची डिझेल एसयूव्ही, कंपनीचं नाव घेत नाही, याच रस्त्यावर दर दोन-तीन महिन्यांनी डीपीएफचा दिवा दाखवते, मग तो शनिवारी पहाटे उठून एक्स्प्रेस वेवर गाडी नुसती पळवून आणतो. ज्याचं रोजचं जाणं-येणं हायवेवरचं आहे त्याला डिझेलसारखं सुख नाही. माझं तसं नाही.

जिम्नीकडे आलो ते असं, आवडीने नाही, एकेक माप जुळत गेलं म्हणून. पाच दरवाज्यांची जिम्नी जून २०२३ मध्ये आली. लॅडर फ्रेम म्हणजे बॉडीच्या खाली शिडीसारखा वेगळा सांगाडा, पुढे मागे अखंड अ‍ॅक्सल, लो रेंज, २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे सव्वाआठ इंच, वजन बाराशे किलोच्या आसपास. चिखलात वजन कमी असणं ही फार मोठी गोष्ट आहे, जड गाडी रुतली की तिचं वजनच तिला अजून खाली नेतं. आणि इंजिन दीड लिटरचं साधं पेट्रोल, टर्बो नाही, डीपीएफ नाही, १०५ पीएस. हे इंजिन जुनं आहे, याच्यात काय मजा, असं शोरूममधल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने मला ऐकवलं होतं. पण तेच इंजिन आधी एर्टिगात होतं, ब्रेझात होतं, सियाझमध्ये होतं. नसरापूर फाट्याच्या अलीकडे एक गॅरेज आहे, तिथे बुकिंगच्या आधी मुद्दाम थांबलो आणि मिस्त्रींना विचारलं, जिम्नी घेतली तर तुम्ही बघाल का. ते एका एर्टिगाखालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "आवो साहेब, हे काय खोललंय बघा की. तेच इंजान हाय. वडाप करनारी पोरं अडीच अडीच लाख किलोमीटर चालवत्यात. फकस्त त्या फोर बाय फोरचं काय निघालं तर शोरूमला न्या, बाकी आम्ही हाय." मला याच्यापेक्षा जास्त काही ऐकायचं नव्हतं.

आता आरामाचा विषय, आणि इथे मी एक चूक करता करता वाचलो. आपण टेस्ट ड्राइव्ह घेतो म्हणजे काय करतो, स्वतः चालवतो. आणि स्टीअरिंग हातात असलं की कुठलीही गाडी लागत नाही. आमची पोरगी नऊ वर्षांची, तिला घाटात उलटी होते. लॅडर फ्रेम आणि अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत एक चाक खड्ड्यात गेलं की पूर्ण गाडी बाजूला कलते आणि मागच्या माणसाचं डोकं डावीकडून उजवीकडे हलतं. त्याने लागतं. म्हणून मी बायकोला चालवायला बसवलं, पोरीला माझ्या शेजारी मागे घेतलं आणि पाषाण, सूस, नांदे असं चक्कर मारून आलो, मुद्दाम खराब रस्त्याने. स्कॉर्पिओत पोरगी मजेत. रॉक्समध्ये पण ठीक. जिम्नीत वीस मिनिटांनी गप्प झाली, काच खाली करायला सांगितली, पण उलटी नाही झाली. काच मोठी आहे, सीट उंच आहे, बाहेरचं लांबपर्यंत दिसतं, ते तिच्या कामाला आलं. मागची सीट थोडी रेलते पण. पाय ठेवायला जागा पुरेशी. मात्र चारच माणसांची गाडी आहे ही, पाचवा बेल्टच नाही, आम्ही तिघं आणि आई असे बरोबर चार होतो म्हणून जमलं. तुमच्या घरात पाच माणसं असतील तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, ही गाडी तुमची नाही.

बायकोचा एक आक्षेप होता आणि तो बरोबर होता. गाड्या आपटून सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या चाचण्यांमध्ये स्कॉर्पिओ-एनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे, रॉक्सला भारत एनकॅपचे पाच. तीन दरवाज्यांच्या जिम्नीला २०१८ साली युरो एनकॅपमध्ये तीन मिळाले होते. आपल्याकडच्या जिम्नीत सहा एअरबॅग आहेत, गाडी घसरायला लागली की सावरणारं ईएसपी आहे, पण मोठ्या गाडीने धडक दिली तर हलकी गाडी हलकीच असते. यावर आम्ही चार-पाच दिवस बोललो. शेवटी असं ठरलं की हायवेवर नव्वदच्या वर जायचं नाही आणि रात्रीचा लांबचा प्रवास या गाडीने करायचा नाही. आजपर्यंत दोघांनी पाळलंय. आईकडे जायची निकड असेल तेवढाच अपवाद. हा सौदा आम्ही डोळे उघडे ठेवून केलाय, कोणी तो करायला नकार दिला तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

मार्च २०२५ ला गाडी आली, ऑटोमॅटिक घेतली. चारच गिअरचा जुना टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स आहे, ओव्हरटेक करताना दाबलं की इंजिन ओरडतं आणि गाडी आपल्याच विचारात पुढे जाते, कात्रजच्या चढाला ट्रक मागे टाकायचा तर आधीपासून ठरवायला लागतं. पण हिंजवडीच्या सव्वा तासात डावा पाय मोकळा असतो याची किंमत मला रोज संध्याकाळी कळते. गाडी चार मीटरच्या आत असल्यामुळे सोसायटीतल्या आमच्या त्या खांबाजवळच्या पार्किंगमध्ये एका फटक्यात बसते. खड्ड्यांचं तर मी बघणंच सोडून दिलंय, शहराच्या वेगाला टायर आणि स्प्रिंग सगळं गिळतात. मायलेज शहरात दहा-अकरा, गावी जाता येता तेरा-चौदा. कंपनीचा आकडा ऑटोमॅटिकला १६.३९ आहे, तो मला एकदाही दिसला नाही. डिकी २०८ लिटरची, त्यात दोन बॅगा बसल्या की संपली. भात झाला की तांदळाची पोती आणायची असतात तेव्हा मागची एक सीट पाडतो आणि पोरगी पुढे बसायचा हट्ट धरते, तो मात्र चालू देत नाही. हायवेवर वारा बाजूने आला की स्टीअरिंग सारखं थोडं थोडं सांभाळायला लागतं, पहिले दोन महिने खांदे दुखायचे, मग सवय झाली.

मे महिन्यात टायर बदलले. कंपनीचे १९५ चे रोड टायर आमच्या मातीत भरून गेले असते. २१५/७५ आर १५ मापाचे एटी, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीला चालणारे, टायर टाकले, थोडा आवाज वाढला, मायलेज थोडं गेलं. एमटी, म्हणजे खास चिखलाचे, टायर नाही घेतले, ते चिखलात भारी पण ओल्या डांबरावर ब्रेकला मला भरवसा वाटत नाही आणि आमच्या प्रवासातले साठ किलोमीटर डांबरच आहे. शिवाय एक छोटा कॉम्प्रेसर, रुतलेली गाडी ओढायला एक चांगला पट्टा आणि दोन शॅकल म्हणजे लोखंडी कड्या घेतल्या. गाडीला ओढायचा हुक कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवलंय, कारण ऐनवेळी लोक बंपरला नाहीतर सस्पेन्शनला दोर बांधतात.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला आणि जुलैत तो चढ आला. मी फरशीपाशी थांबलो, हवा एकोणतीसवरून बावीसवर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला जास्त चिकटतो आणि दगडावर अंग मोडून बसतो, या एका फुकटच्या गोष्टीने अर्धं काम होतं असं माझं मत झालंय. फोर एल, म्हणजे लो रेंज, लावलं, त्यासाठी गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्ये घ्यायला लागते आणि ती छोटी दांडी जरा जोर लावून मागे ओढायला लागते. गिअर एलमध्ये. आणि निघालो. निम्म्या चढावर, जिथे गेल्या वर्षी आमची गाडी थांबली होती बरोबर तिथेच, पुढचं डावं चाक फिरायला लागलं. मी अ‍ॅक्सिलरेटर सोडणार होतो, हाताला-पायाला तीच सवय असते, पण एका माहीतगाराने आधी सांगून ठेवलं होतं की सोडू नको, दाबू पण नको, आहे तसा धरून ठेव. एक-दोन सेकंद गेले. मग खालून कट-कट-कट असा आवाज आला, फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतः ब्रेक लावत होती, आणि तो जोर समोरच्या उजव्या चाकाकडे गेला. गाडी एक वीत पुढे सरकली, मग हातभर, मग चालायलाच लागली. देवळाचा दिवा दिसला तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी होतं हे लिहायला मला काही वाटत नाही. बोळातून आरसे न मिटता गेलो.

एक नियम मात्र स्वतःला घालून घेतलाय. फरशीवर पाणी वाहतं असेल आणि ते पोटरीच्या वर असेल तर गाडी अलीकडेच राहणार. गाडी पाण्यातून किती खोल जाऊ शकते हा आकडा साठलेल्या पाण्याचा असतो. वाहत्या पाण्याचा जोर वेगळा, त्यात बाराशे किलोची गाडी म्हणजे हलकीच. ऑगस्टमध्ये एकदा असं झालं, दोन तास गाडीत बसून राहिलो, पाणी उतरलं, मग गेलो. आणि सुक्या डांबरावर फोर बाय फोर लावून चालवायचं नाही, पुढची मागची चाकं वळणावर वेगवेगळी अंतरं काटतात आणि मधे ढिलाई द्यायला काही नसतं, सगळा ताण गिअरांवर येतो. आमच्या ओळखीत एकाने पावसात सेफ वाटतं म्हणून हायवेवर लावून ठेवलं होतं, पाऊस थांबून रस्ता सुकला तरी काढलं नाही. खर्च मोठा आला.

आईला गाडीत चढायला उंच पडते. साइड स्टेप लावायचा विचार केला पण ती चाकोरीत घासली असती, म्हणून वेल्ह्याच्या सुताराकडून सागवानी पाट करून घेतला, नऊ इंच उंच, खाली रबर लावलेला, तो मागच्या सीटखाली नाही मावत म्हणून डिकीत आडवा असतो आणि आधीच छोट्या डिकीतली जागा खातो. ती पाटावर पाय ठेवते, हँडल धरते आणि बसते. ज्या हाताने हँडल धरते तो मोडलेलाच हात.

कोणाला आमच्याकडचा चढ स्वतःच्या गाडीने बघायचा असेल तर दिवाळीनंतर या, भात काढून झालेला असतो, वाट सुकलेली असते, टेप माझ्याकडे आहे. जुलैत नको. रुतलात तर आप्पांना लावणी सोडून ट्रॅक्टर काढायला लागतो, आणि ते कोणाला नाही म्हणत नाहीत.